आवाज तोच राहिला पाहिजे

अण्णांच्या फियाटमध्ये बसायचं तर एकच अट होती, तोंड मिटून बसायचं. खोकला चालेल, शिंक आली तर नाइलाज, पण बोलायचं नाही. मी पुण्याची. गप्प बसणं ही मला शिक्षाच. नव्वदच्या आसपास लग्न होऊन बंगळुरात आले आणि राजाजीनगरात अण्णांच्या माडीवर आमचा भाड्याचा संसार सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात अण्णा मला मल्लेश्वरमपर्यंत सोडायला निघाले. मी कौतुकाने म्हटलं, "काय सुंदर झाडं आहेत हो तुमच्याकडे!" अण्णांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि शांतपणे म्हणाले, "अक्का, झाडं उतरल्यावर बघू या. आता स्वल्प ऐकू द्या की." ऐकायचं काय, तर इंजिन! घरमालक चक्रम आहे, असं मी संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकलं.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड पार मुरलेली. अण्णा एका कारखान्याच्या हापिसातून निवृत्त झालेले, बायको आम्ही यायच्या आधीच गेलेली. एकटा माणूस, देवपूजा आटपली की जुनं धोतर फाडून केलेलं फडकं घेऊन गाडीपाशी जायचा. गाडी किती धावली म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "मीटर दमलं की हो, गाडी नाही दमली." मीटरचे आकडे इतक्या वेळा फिरून शून्यावर आले होते, की त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं.

सिग्नलला थांबले की इंजिन बंद. उतार लागला की इंजिन बंद. मागचे रिक्षावाले शिव्यांची लाखोली वाहत, अण्णा ढिम्म. "इंजिनाला पण म्हातारपण असतंय. म्हाताऱ्याला उगाच पळवू नये," असं म्हणायचे. स्वतः मात्र सत्तरीला टेकलेले असताना गाडीखाली सतरंजी पसरून आडवे होत. गल्लीतले लोक हसायचे. मीही हसायचे.

त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली. एका रविवारी अण्णा आपण होऊन म्हणाले, "आज माझ्याबरोबर येता? माझ्या पुट्टीला बघून येऊ." पुट्टी म्हणजे त्यांची मुलगी. कन्नडमध्ये लहान मुलीला लाडाने तसं म्हणतात. ही पुट्टी तिशी ओलांडलेली होती. जन्मतःच बुद्धीची वाढ नाही, बोलणं नाही, माणसांची ओळख नाही. तुमकूर रस्त्यावर, गावाच्या पुष्कळ बाहेर, अशा मुलींच्या निवासात ती राहत होती. बायको होती तोवर दोघं दर रविवारी जात. ती गेल्यावर अण्णा रोज जायला लागले. गाडीचा मीटर दमला होता तो या रस्त्यावर.

निवासाच्या अलीकडे रस्ता वळतो. आम्ही वळणाच्या आत होतो, फाटक अजून दिसतही नव्हतं, आणि अण्णा हळूच म्हणाले, "आता बघा." वळण पार करून पाहते तर फाटकाला धरून एक जाडजूड बाई उड्या मारत होती. केस बारीक कापलेले, तोंडभर हसू. गाडी थांबली तशी ती धावत आली आणि तिने बॉनेटवर गाल टेकला. गरम पत्र्यावर! अण्णा उतरून तिच्याजवळ उभे राहिले. त्यांच्याकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने त्यांचा हात धरला, पण तो गाडीबरोबर आलेला हात म्हणून. अण्णांना ते पुरत होतं. परतताना त्यांनी स्वतःच नियम मोडला. "तिला ना आई कळली, ना मी. हा आवाज तेवढा कळतो. म्हणून हा आवाज तोच राहिला पाहिजे."

मग सगळं उलगडलं. त्या काळात जो तो फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेत होता. अण्णांना दहा जणांनी सल्ला दिला, त्यांनी दहा जणांना "बेडा, नको," म्हणून परत पाठवलं. सायलेन्सर सडला तर नवा घालायचा नाही, जुन्यालाच ठिगळ. एकदा आमच्या गल्लीच्या टोकाच्या मेस्त्रीने सर्व्हिसिंग करताना इंजिनातली एक खडखड आपणहून काढून टाकली. अण्णा तासाभरात परत त्याच्या दारात. खडखड पुन्हा हवी! मेस्त्री कपाळाला हात लावून मला सांगत होता, "बीमारी निकाल्या तो वापस डालो बोलते अम्मा. कैसा डालना जी?" दोन दिवस झटून त्याने ती बिचारी खडखड परत आणली. पैसे घेताना त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या नवऱ्याने पेपरात वाचलं, की जपानात एक नवी गाडी निघाली आहे. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि बॅटरीवर असली की आवाज म्हणून नाही. "अण्णा, तुमचंच तंत्र चोरलं त्यांनी," नवरा म्हणाला. अण्णा खूश झाले, मग एकदम गंभीर. "आवाजच नाही? मग वाट बघणाऱ्याला कळावं कसं?"

एव्हाना आम्ही माडीवरून हाक मारली तरी अण्णा वर बघेनासे झाले होते. इतकी वर्षं कान लावून बसलेल्या माणसाचे कानच जात होते, आणि ते कबूल करायला तयार नव्हते. त्या उन्हाळ्यात गाडीच्या इंजिनाचा पाण्याचा पंप गेला. जाण्याआधी तो चांगला किंचाळला असणार, मेस्त्री म्हणाला, वाटेवरच्या म्हशींनीसुद्धा ऐकलं असेल. अण्णांना ऐकू आलं नाही. तुमकूर रस्त्यावर पीण्या वसाहतीच्या पुढे वाफेचा लोट उठला तेव्हा त्यांना कळलं, आणि तोवर इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. मेस्त्रीने हात टेकले. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या गुजरीतून, म्हणजे भंगारबाजारातून, त्याने त्याच जातीचं, त्याच वयाचं इंजिन शोधून आणलं, जीव ओतून बसवलं. खडखडसुद्धा घातली, न सांगता. "आयतु अण्णा, हो गया, सेम टू सेम!" अण्णांनी मला विचारलं, "तसाच आहे ना हो आवाज?" मी तोंडभर हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या रविवारी मी बरोबर गेले. वळण आलं, गेलं. फाटकाशी कोणी नव्हतं. अण्णांनी गाडी मागे नेली, पुन्हा आणली. पुन्हा एकदा नेली आणली. शेवटी आम्ही आत गेलो. पुट्टी ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. अण्णा शेजारी बसले तशी ती अंग चोरून लांब सरकली. तिथल्या सिस्टर त्यांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सवय होईल हो तिला हळूहळू." अण्णा म्हणाले, "पहिल्या आवाजाची व्हायला किती वर्षं लागली, ठाऊक आहे सिस्टर? तेवढी माझ्याकडे कुठली?"

महिन्याभरात गाडी विकली. अण्णा बसने जायला लागले, दोन बस बदलून, रोज. आमची हैदराबादला बदली झाली तेव्हा निघायच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर शेवटची गेले. बसमध्ये बोलायला मोकळीक होती, पण त्यांना ऐकू येत नव्हतं.

आम्ही वळणावरून चालत आलो तर पुट्टी फाटकात उभी. माझा जीव हरखला. मी अण्णांचा दंड दाबला. अण्णा लगबगीने पुढे झाले, बेकरीतून घेतलेलं बेण्णे, म्हणजे लोण्याचं, बिस्किट त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. तिने ते खाल्लं. खाताना ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, वळणाकडे, मान किंचित वाकडी करून, कान तिकडे लावून. "रोज या वेळेला येऊन उभी राहते," सिस्टर म्हणाल्या. अण्णांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि काय ते त्यांना कळलं.

ते दोन पावलं बाजूला सरकले, तिला रस्ता नीट दिसावा म्हणून.