शिट्टीमामांची गस्त

आमच्या गावात पोलीस नाहीत, पण पोलिसांचे मित्र आहेत. त्यांतले सगळ्यांत जिवलग म्हणजे सलूनवाले शिट्टीमामा. ठाण्याने त्यांना एक टोपी, एक शिट्टी आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला आठवतं, तेही भांडताना.

मामा मैत्रीला जागणारे. कुणाची शेळी गेली आणि ठाण्यात फोन कुणी उचलला नाही, की "साहेब कामात असतील" अशी समजूत काढायची, हे कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. मला त्यांचा राग यायचा. मैत्री दोन्हीकडून असावी, असं माझं आपलं मत.

मग त्यांच्याच पोरीवर वेळ आली. ती शहरात नर्सिंग शिकते. बस पकडायला पुलापलीकडे चालत जावं लागतं, आणि पुलावर मोटारसायकलवाले तीन टोळभैरव रोज तिची वाट अडवायला लागले. एक दिवस ओढणी खेचली. त्या दिवसापासून ती घरी बसली. परीक्षा तोंडावर आलेली.

मामांनी ठाण्यात फोन केला. गाडी नाही, म्हणाले. पुन्हा केला. गाडी आहे, माणूस नाही. तिसऱ्यांदा साहेब स्वतः बोलले, "अहो मामा, तुम्ही आहात की तिथे."

तरी ठाण्याला पाझर फुटला म्हणायचा. त्यांनी एक शिपाई पाठवला, साध्या वेशात, गुपचूप पाहणी करायला. इतका गुपचूप की मामांनाही कळवलं नाही.

तो दाढीच्या निमित्ताने नेमका मामांच्याच खुर्चीत बसला. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस, आणि त्याने सहज विचारलं, "पुलावरून पोरी किती वाजता जातात हो?"

मामांचा वस्तरा थांबला. "का बरं?"

"असंच. एकट्या असतात का सोबत कुणी?"

"आपण कुठले?"

"आहे असाच, बाहेरगावचा."

अनोळखी माणूस, नको त्या चौकशा, नाव-गाव सांगायला टाळाटाळ. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं एकाच खुर्चीत. मामांनी शिट्टी फुंकली, आम्ही धावलो आणि गळ्याभोवतीच्या कापडानेच त्याला खुर्चीला बांधला. गाठ माझी होती. तो ओरडत होता, मी पोलीस आहे. ओळखपत्र दाखव म्हटलं, तर कामगिरी गुप्त म्हणून ते ठाण्यातच ठेवून आलेला. आता गावात कधी पोलीसच दिसला नाही, तर आम्ही ओळखणार कशावरून?

मामांनी ठाण्यात फोन करून पकडलेल्याचं वर्णन कळवलं. चहाला उकळी फुटायच्या आत दोन जीप दारात उभ्या.

"सरकारी माणसाला बांधता?" साहेब लालबुंद झाले होते.

मामा जीपकडेच बघत होते. "गाड्या आहेत म्हणजे, आणि माणसंही," ते हळूच म्हणाले.

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "या गावात माझा माणूस सुरक्षित नाही. यापुढे एकटा शिपाई इथे पाय ठेवणार नाही. चार जण मिळाले तरच पाठवीन."

सलूनच्या मागेच मामांचं घर. पोरगी मधल्या दारात उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "मग साहेब, मी परीक्षेला किती जणांबरोबर जाऊ?"

साहेबांनी टोपी नीट केली. "अभ्यास कर बाळ," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. अर्ध्या दाढीचा शिपाई मागच्या सीटवर.

चार जण काही मिळाले नाहीत. आता मामा रोज सकाळी सलूनला कुलूप लावून पोरीला बसपर्यंत सोडतात, संध्याकाळी आणायला जातात. गिऱ्हाइकं पलीकडच्या गावात दाढी करायला लागली. टोळभैरव लांबून खिदळतात, पण जवळ येत नाहीत. पोरीने परीक्षा दिली. मला त्या बापाचं फार वाईट वाटतं, आणि अभिमानही.

परवा ठाण्यात मोठी बैठक झाली. पुलावर लोकसहभागातून नियमित गस्त सुरू केल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मामांनाही टाळ्या वाजवायला बोलावणं होतं. पण ती वेळ नेमकी पोरीच्या बसची होती.