टोपीतलं पाणी

सीटवर टाकलेली चादर लाल झाली होती, आणि माझा मुलगा सेल्फ मारत होता. इंजिन फिरत होतं — चांगलं जोरात फिरत होतं — पण गाडी चालू होत नव्हती. मागच्या सीटवर माझी सून रेखा पोट धरून वाकली होती. मी ओट्यावर पूजेचं ताट घेऊन उभी. गाडीला काय झालंय, ते मला माहीत होतं. बोलले असते तर चहा उकळेपर्यंत ती चालू झाली असती.

मी बोलले नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

मला कसं माहीत होतं, ते आधी सांगते. आमचं गाव चारठाण्याच्या पुढं. आमच्या मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पेट्रोलवरची एक जुनी मोटार होती, लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं जायची. चालवायचे तेच, दुरुस्त करायचे तेच. मी शिकले चौथी, पण हाताखाली मीच. ते बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि मी आत बसून चावी फिरवायची. "मार" म्हटलं की मारायची, "बस" म्हटलं की सोडायची. ऐकून ऐकून कान तयार झाला. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. कच्च्या पेट्रोलचा वास येतो, म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग राहिलं काय? करंट. प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारी एक काळी टोपी असते इंजिनाला. तिच्यात पाणी गेलं की गाडी नुसती फिरत राहते. टोपी काढायला पानाही लागत नाही. दोन चाप असतात, बोटानं निघतात. आतून कोरड्या फडक्यानं पुसायची आणि परत बसवायची. झालं.

मालक गेल्यावर दत्ता, माझा मुलगा, गाडी चालवू लागला. अडलं की मला विचारायचा. चारचौघांत विचारायचा — माय, आता काय बघू? मला ते लय गोड लागायचं. मग त्याचं लग्न झालं. रेखा मानवतची, दुकानदाराची लेक, बारावी झालेली. एकदा मी दत्ताला प्लगचं काही सांगत होते, तर ती हसली.

"आत्या, तुमी चौथी शिकून इंजिनाचं सांगायल्या? मग म्या तर इमानच चालवीन!"

वाईट मनानं नव्हती बोलली. थट्टा केली. पण दत्ताही हसला — आणि त्यानंतर त्यानं मला विचारणं बंद केलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून बाई इतकी खाली जाते का? मी गेले.

रेखाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. खंडेनवमीची पूजा झाली की दुपारी दत्तानं तिला मानवतला नेऊन सोडायचं, असं त्या दोघांनी ठरवलं. म्हणजे दसऱ्याचं पुरण, पाहुणे, भांडी — सगळं माझ्या एकटीवर. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं धुऊन पूजेला मांडतात. विळे, कुऱ्हाड, मालकांचे पाने. एकदा मांडलं की दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. गाडीही धुतात, हार घालतात. त्या सकाळी रेखा बादली घेऊन गाडी धूत होती. मी जाऊन बॉनेट उघडलं.

"आतून बी धू. किती धूळ बसली बघ."

"आत्या, आत पाणी चालतंय का?"

"लोखंडच हाय की. इरघळायलंय व्हय? मालक असंच धुवायचे."

खोटं. मालक इंजिनाला पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत. टोपीला एक जुनी चीर होती, तीही मला माहीत होती. मी बोट दाखवलं — ते काळं दिसतंय ना, तिथं मार. तिनं मारलं. आणखी मार म्हटलं, तर आणखी मारलं. पोटामुळं तिला बादली नीट उचलता येत नव्हती. मी बादलीला खालून हात दिला.

माझ्या मनात काय होतं? गाडी अडावी. दत्तानं तिला चार माणसांत बोलावं. तिचं माहेर लांबावं. आणि दत्तानं यावं माझ्याकडं — माय, आता काय बघू?

दुपारी पिशव्या ठेवून ती गाडीत बसली. दत्तानं सेल्फ मारला. नाही. परत मारला. नाही. खरं सांगू? मला मजा वाटली. शेजारची गंगूबाई दारातून ओरडली, "सून धाडायचं गाडीच्या मनात न्हाई गं, बाई!" आम्ही दोघी हसलो.

मग रेखा कण्हली. आधी वाटलं, नखरे. मग गंगूबाईनं चादर बघितली आणि तिचं हसणं थांबलं.

तेव्हा बोलायचं होतं. पण बोलले असते तर दत्तानं विचारलं असतं — तुला कसं कळलं? मग आत कुणी धुवायला सांगितलं, तेही निघालं असतं. दोन-चार माणसं गोळा झाली. बॅटरीच्या तारा हलवल्या, धक्का मारला, उतारावर ढकलली. सगळ्या अंगणात पेट्रोलचा वास पसरला होता आणि त्यातल्या एकालाही त्याचा अर्थ कळत नव्हता. मला कळत होता.

दत्ता घरात पळाला. प्लग काढून बघतो म्हणाला. प्लग काढला असता तर करंट नाही हे दिसलं असतं, आणि तारांवरून हात फिरवत तो टोपीपर्यंत पोचला असता. प्लगचा पाना पूजेत मांडलेला. त्यानं हात घातला, तशी मी दारातून म्हणाले,

"पूजेतलं हत्यार उचलायलास? पोटुशी बाई घरात असताना?"

त्याचा हात तिथंच थांबला. घामानं सगळा भिजला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "माय, मग काय करू? तूच सांग."

त्यानं विचारलं. ज्यासाठी मी हे सगळं केलं होतं, ते त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "देवाचं नाव घे."

गावातल्या जीपा जिंतूरच्या बाजारात गेल्या होत्या. लय उशिरा झेंडूनं भरलेला एक टेम्पो आला, त्यात तिला घातलं. मी सोबत गेले नाही. पाहुण्यांसाठी डाळ निवडायची होती.

दसऱ्याला सकाळी मिस्तरी आला. टोपी काढली, वाकडी केली, पाणी सांडलं. शर्टानं पुसली, बसवली, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. आत पाणी कुणी मारलं, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, रेखानं धुतली. दत्ता तसाच दवाखान्यात गेला आणि खाटेवर पडलेल्या बायकोला त्यानं तेच विचारलं.

ती म्हणाली, "म्या धुतली."

माझं नाव घेतलं नाही. का? मला अजून माहीत नाही. भ्यायली असेल. किंवा तिला खरंच वाटलं असेल, की आत्यानं चांगल्यासाठीच सांगितलं. दत्ता कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवताना ताट सरकवायचा. मी मधे पडले नाही. एकदा गंगूबाईजवळ ती म्हणाली, माझ्याच हातानं झालं बघा. मी तिथंच बसून लसूण सोलत होते. सोलत राहिले.

त्या दिवशी गाडीत त्या दोघी होत्या. एक रेखा, एक तिच्या पोटातली. रेखा जगली.