पाण्यातलं ग्रहण

डिसेंबरातल्या त्या सकाळी मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली. पुढे सूर्याचा फिल्टर, मागे कॅमेरा, आणि बाजूच्या टेबलावर त्याला वायरने जोडलेला लॅपटॉप. सूर्य महाप्याकडच्या डोंगरावर आला होता.

बाबा वर येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. ग्रहण म्हटलं की ते खिडक्या लावून घरात बसायचे आणि आई त्यांची थट्टा करायची. पण त्या दिवशी ते आले. सूर्याकडे पाठ करून टाकीच्या भिंतीला टेकले.

"फिल्टर घट्ट हाय ना?"

"हो, बाबा."

"परत बग."

मी परत बघितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी चिडले.

चंद्र सरकत गेला. ऊन होतं, पण त्यातली धग गेली होती. वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या कातरून काढल्यासारख्या दिसायला लागल्या. शेवटी स्क्रीनवर सूर्याची नुसती कोर उरली. मी फोटो घेतला आणि बाबांना हाक मारली. "या ना. स्क्रीनवर बघायला काही होत नाही."

ते आले, वाकले, मान थोडी वळवून बघू लागले. त्यांची नजर कायम अशीच, समोरच्याच्या जरा बाजूला. आम्ही त्याला त्यांचा लाजाळूपणा समजायचो.

"उलटा कर," ते म्हणाले.

"काय?"

"फोटो. वरचा खाली."

मी फोटो फिरवला. बाबांनी टेबलाची कड धरली.

"हाच."

मग त्यांनी सांगितलं. ते शाळेत होते, तेव्हा खाडीकाठी आमची मिठागरं होती. ग्रहणाच्या दुपारी सगळे ओरडत होते, वर बघू नका. म्हणून त्यांनी खाली बघितलं, मिठागरातल्या साचलेल्या पाण्यात. सूर्य तिथे उलटा उभा होता. ते बघतच राहिले.

"संध्याकाळी डोळ्यांसमोर काळी कोर दिसायला लागली. सकाळी जाईल म्हटलं. नाय गेली."

"अजून दिसते?"

"आता तुझ्या तोंडावर हाय."

माझा हात नकळत गालाकडे गेला.

"आईला माहीत आहे?"

"नाय. लग्नाआधी बोललो असतो तर तिला दिली नसती. आन नंतर काय बोलायचं? डॉक्टरला दाखवलेलं. काय होनार नाय बोलला."

ते जिना उतरून गेले. सूर्य पुन्हा पूर्ण होईपर्यंत मी गच्चीवर थांबले, पण आणखी फोटो घेतले नाहीत.

तो फोटो मी नंतर कधी उघडला नाही. तरी बाबा समोर बसले की मला ती कोर माझ्या चेहऱ्यावर जाणवते, नाकाच्या वर, दोन्ही डोळ्यांमध्ये. एकदा जेवताना मी हळूच खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला गेले, निदान त्या कोरीच्या बाहेर तरी राहीन म्हणून. आई वाढत होती. तिचं लक्ष नव्हतं, पण बाबांना कळलं.

"सरळ बस," ते हळू आवाजात म्हणाले. "जिथं बगतो तिथं येते ती."