आप्पांची एक सही आणि ताईच्या तीन मॅचेस

नात म्हणाली, "आजी, लोक ब्लॉगवर लडाखबद्दल लिहितात, व्हिएतनामबद्दल लिहितात. तू कशावर लिहिणार?" मी म्हटलं, "गिरगाव ते लालबाग." ती हसली. पण त्या तीन दिवसांइतका खडतर प्रवास मी नंतर कधी केला नाही, आणि मी बद्री-केदारही करून आले आहे.

गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली. मी अकरा वर्षांची होते. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहायचो: आई, आप्पा, ताई आणि मी. आप्पा सरकारी कचेरीत कारकून. कागद समोर आला की आधी सुलटा वाचायचा, मग उलटून मागे काही आहे का बघायचं, मग "बघू" म्हणून बाजूला ठेवायचा, ही त्यांची कामाची पद्धत. घरातसुद्धा तीच. आईने नवी कढई मागितली तरी "बघू".

ताई, म्हणजे कुसुम, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती. त्या हिवाळ्यात तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आठ दिवस बाहेरगावी जायचं होतं आणि त्यासाठी पालकांची सही असलेला कागद सोमवारी सकाळी कॉलेजात द्यायचा होता. ताईने तो कागद आप्पांसमोर ठेवला. आप्पांनी तो उलटून पाहिला.

"मी हा खेळ पाहिलेला नाही," ते म्हणाले. "न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही."

"मग बघा ना," आई म्हणाली. "शुक्रवार, शनिवार, रविवार हिच्या मॅचेस आहेत. आपण सगळेच जाऊ."

आप्पा कोंडीत सापडले. कचेरीत ते वर्षानुवर्षं फायली अशा अडकवत, पण त्या फायलींना आई नव्हती. ताईने त्या रात्री मला हळूच सांगितलं, "या वर्षी नाही गेले तर पुढच्या वर्षी लग्नच लावून देतील. मग कुठला खेळ?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही सहल नसून परीक्षा आहे, आणि ती ताईची आहे.

शुक्रवार: दादर

मॅच साडेचारला. आप्पांनी अर्धी रजा काढली आणि आम्ही दोनला निघालो. सोबत सतरंजी, फिरकीचा तांब्या, चिवड्याचा डबा आणि आप्पांचा मफलर. मुंबईच्या थंडीत मफलर गुंडाळणारा माणूस बाकीचं जग किती जपून पाहत असेल, याचा अंदाज तुम्ही करा.

गिरगावातून ट्रामने निघून मध्ये एकदा ट्राम बदलली की दादर. नये पैसे नवे होते, त्यामुळे कंडक्टर आणि आई यांच्यात सुट्ट्यांवरून एक स्वतंत्र सामना झाला. तो आई जिंकली. आज कुणाला हाच प्रवास करायचा असेल तर एक सूचना: ट्राम शोधू नका. बाकी रस्ता तिथेच आहे.

मैदानावर पोचलो तेव्हा एकही माणूस नव्हता. गणपतीतल्या मेळ्यांना आम्ही नेहमी लवकर जाऊन सतरंजी टाकून पुढची जागा धरायचो. तीच सवय. आईने मैदानाभोवती एक चक्कर मारली आणि सगळ्यांत पुढची जागा निवडली: खांबाच्या बरोबर खाली, बास्केटच्या सावलीत. "इथून सगळं नीट दिसेल," ती म्हणाली. आम्ही तिघं मांडी घालून बसलो आणि डबा उघडला.

दिसलं खरं. मॅच सुरू झाल्यावर पहिला चेंडू बोर्डावर आपटून थेट चिवड्यात आला. पाठोपाठ समोरच्या संघातली एक उंच मुलगी आली आणि आप्पांच्या मांडीवरून उडी मारून गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. ताईने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंच येऊन अदबीने म्हणाले, "आजोबा, जरा बाजूला बसाल का?" आप्पा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. चेंडूपेक्षा त्यांना ते जास्त लागलं.

बाजूला बसल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला आणि टिपण सुरू केलं. कचेरीत ते इंग्रजीत लिहीत, घरी मराठीत, पण चाल तीच. मी शेजारून वाचलं: "चेंडू घेऊन पळण्यास मनाई आहे, तरी सर्वजणी पळतात. सदर मुलगी पाच वेळा पडली. कारण समजले नाही."

सदर मुलगी म्हणजे ताई. तिचा संघ जिंकला. आम्ही दादरच्या एका हॉटेलात थालीपीठ आणि पियूष घेतलं. ताईच्या गुडघ्यावर खरचटलं होतं. आप्पा थालीपीठ सोडून त्या गुडघ्याकडे बघत होते आणि ताई सारखा खेळाचा स्कर्ट गुडघ्यावर ओढत होती.

शनिवार: माझगाव

आदल्या दिवशीच्या अनुभवाने शहाणे होऊन आम्ही सतरंजी एवढी लांब टाकली, की आईला ताई ओळखू येईना. ती अर्धा वेळ भलत्याच मुलीसाठी देवाचं नाव घेत होती. शेवटी मी म्हटलं, "आई, ती ताई नाही, ती समोरची आहे," तर म्हणते, "असू दे, तीही कुणाची तरी मुलगीच आहे."

माझगावात बाकी मजा आली. गोदीतून सुटलेली माणसं मैदानाच्या कठड्यावर येऊन बसली होती. मॅचनंतर इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. कडक ब्रून पाव आप्पांच्या दाढेला झेपेना, तेव्हा त्यांनी तो चहात बुडवून ठेवला आणि टिपण पूर्ण केलं. त्या दिवशी ताई चार वेळा पडली होती. एकदा इतकी जोरात, की आईने माझा हात घट्ट धरला. संघ पुन्हा जिंकला, म्हणजे रविवारी फायनल.

घरी येताना ताईने धीर करून विचारलं, "आप्पा, काय वाटलं?"

"अजून एक बाकी आहे," आप्पा म्हणाले. "बघू."

ताई खिडकीकडे तोंड करून बसली. तिला रडू येत होतं हे मला पाठीमागूनही दिसलं.

रविवार: लालबाग

फायनल लालबागला होती आणि तिथे आमचा भिकूमामा राहत होता. आईचा सख्खा भाऊ, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आवाज असा की यंत्रमागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल. त्याच्याकडे दुपारी कोंबडी-वडे होते. तुम्हाला सांगते, मॅचआधी कोंबडी-वडे खाऊ नका. खेळणाऱ्यांनी तर नाहीच, बघणाऱ्यांनीसुद्धा नाही. आप्पा पाचव्या वड्यावर गप्प झाले ते मैदानापर्यंत बोलले नाहीत.

भाची खेळणार म्हणून मामाने अख्खी चाळ गोळा केली होती. बायका, पोरं, सुट्टीवरचे कामगार, शंभर तरी माणसं. बास्केटबॉल त्यांतल्या एकानेही पाहिला नव्हता. थोडा वेळ सगळे नुसते बघत राहिले. मग मामाला राहवेना.

"कोणाच्या मयताक इल्यासारखे गप काय बसलास?" तो ओरडला. "आमची कुसुम..."

आणि चाळीने जे गेली दोन-तीन वर्षं रोज केलं होतं तेच केलं. हात वर गेले आणि शंभर गळ्यांतून एकदम आलं, "जिंकलीच पाहिजे!"

"जिंकलीच पाहिजे," पुन्हा. आणि पुन्हा. चाल 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चीच, मुठी त्याच, ठेकाही तोच. लालबागला ओरडायची दुसरी पद्धत तेव्हा ठाऊकच नव्हती.

इथे आप्पांबद्दल एक सांगायला हवं. गिरगावात आमच्या गॅलरीखालून मोर्चा निघाला की आई गॅलरीत धावायची आणि आप्पा वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मनाने ते कोणत्या बाजूचे होते हे आमच्या गिरगावच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. पण सरकारी नोकर. घोषणा देताना कुणी पाहिलं, नाव कळवलं, तर नोकरी जाईल, ही धास्ती त्यांनी रोज डब्यासोबत कचेरीत नेली आणि परत आणली. त्यामुळे मामाच्या पहिल्या घोषणेलाच ते मफलरात शिरले.

मॅच संपायला दोन-तीन मिनिटं होती, ताईचा संघ दोन गुणांनी मागे होता, आणि मैदानात फौजदार आला. मागे चार शिपाई. रस्त्यावरून त्यांना शंभर मुठी दिसल्या होत्या आणि 'पाहिजे' ऐकू आलं होतं. त्या दिवसांत तेवढं पुरायचं. पंचांनी खेळ थांबवला. मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"सभा कोणाची आहे?" फौजदाराने विचारलं. "जबाबदार कोण?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मामानेसुद्धा मान खाली घातली, कारण त्याचं नाव पोलिसांकडे आधीच दोनदा गेलेलं होतं. फौजदार म्हणाला, "कोणी पुढे येत नसेल तर मैदान रिकामं करा. खेळ बंद."

ताई मैदानाच्या मधोमध चेंडू पोटाशी धरून उभी होती. तिने आमच्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

आणि आप्पा उठले. मफलर काढून त्यांनी आईच्या हातात दिला आणि टिपणाचा कागद घेऊन ते फौजदारासमोर जाऊन उभे राहिले.

"मी जबाबदार," ते म्हणाले. "ही सभा नाही, बास्केटबॉल आहे. ती चेंडू घेतलेली मुलगी माझी आहे. लोक तिच्यासाठी ओरडतायत."

"मग असं मोर्चासारखं का?"

"साहेब, यांना दुसरं येत नाही."

फौजदाराच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण त्याने डायरी काढली. नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि शेवटी, "नोकरी कुठे?" आप्पांनी कचेरीचं नाव सांगितलं. स्पष्ट, खात्यासकट. आई माझ्या शेजारी पुटपुटली, "गेली नोकरी."

"ओरडायचं नाही," फौजदार म्हणाला. "खेळू द्या." आणि तो आमच्याच सतरंजीवर बसला. आप्पा त्याला टिपणातून नियम समजावू लागले. ते बहुतेक चूक होते.

खेळ पुन्हा सुरू झाला, पण अशा शांततेत, की मुलींच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. अगदी शेवटी ताईला कुणीतरी जोरात पाडलं. मामा पुटपुटला, "चेडू पडला गो!" चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. ताई उठली. तिला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पडले तर बरोबरी. ती रेषेवर उभी राहिली, शंभर माणसं तोंडावर हात ठेवून बसली, आणि त्या शांततेत एक आवाज आला, फाटका, न सवयीचा.

"कुसुम, टाक!"

आप्पा होते. फौजदाराच्या शेजारी बसून. मी आयुष्यात त्यांना ओरडताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चेंडू आत गेला. आप्पांना इतका हुरूप आला, की दुसऱ्या वेळी ते चक्क उभे राहून ओरडले. चेंडू बास्केटच्या कड्यावर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. एका गुणाने हरलो. दुसरा आप्पांमुळेच चुकला, असं ताई पुढे आयुष्यभर म्हणत आली.

परत गिरगाव

ट्रामने परत निघालो. भायखळ्याच्या पुढे ताई म्हणाली, "आप्पा, सही नको. माझ्यापायी तुमचं नाव पोलिसांच्या डायरीत गेलं. मी नाही जात." आप्पांनी मफलर नीट गुंडाळला आणि बाहेर बघत राहिले. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं. ताईचंही आणि आप्पांचंही.

सकाळी तो कागद टेबलावर पितळी पेपरवेटखाली होता. सही केलेला. खाली टिपण टाचणीने लावलेलं. ताईने कॉलेजात कागद दिला, टिपण ठेवून घेतलं. ती आठ दिवस खेळून आली आणि पुढे आणखी दोन वर्षं खेळली. फौजदाराकडून कचेरीत काही गेलं नाही. पण कितीतरी महिने टपाल आलं की आप्पा आधी पाकिटाची मागची बाजू बघत.

हा प्रवास आज करणं सोपं आहे. तिन्ही ठिकाणं एका दुपारीत होतील. चिवडा झाकून ठेवा आणि खांबापासून लांब बसा. मी स्वतः गेल्या महिन्यात नातीची मॅच बघायला दादरला गेले, म्हणून तर हे सगळं आठवलं. घरी येऊन कपाट उपसलं आणि टिपण सापडलं. ताई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, माहीमला लेकाकडे असते, आणि खुर्चीतून उठायला तिला हात द्यावा लागतो. मी फोन लावला आणि टिपणाचा शेवट वाचून दाखवला:

"तीन दिवसांत सदर मुलगी एकूण अकरा वेळा पडली. प्रत्येक वेळी स्वतः उठली. कोणी हात दिलेला दिसला नाही. पाठविण्यास हरकत नाही."

ताई म्हणाली, "अकरा नाही, दहाच. आप्पांचं मोजायला चुकलंय." आणि थोड्या वेळाने, "पुढचं परत वाच गं एकदा."

मी परत वाचलं.