आपल्याच गल्लीत हरलेली जिजी

जिजी कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीत डोकावायची. बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला, तरी तिची नजर मागल्या दाराकडे. "पाणी जातंय कुठं?" हा तिचा पहिला प्रश्न. सोयरीक बघायला गेली तरी मुलीआधी सांडपाणी बघून यायची आणि परतताना जीपमध्ये सांगायची, "मानसं चांगली हायती. पर मागं डास लई."

कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. जिजीचं घर आमच्या घराला लागून. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा तिला उभं केलं होतं. सांगू तिथं सही करील आणि घरी बसेल, असा पुढाऱ्यांचा अंदाज. जिजी पहिल्याच आठवड्यात पदर खोचून ग्रामपंचायतीत जाऊन बसली. "खुर्ची माझी, तर बसनार बी मीच की," म्हणाली. गल्लीने तिचं नाव 'पंतप्रधान' ठेवलं. त्यात कौतुक होतं, थोडी टिंगलही होती. ती दोन्ही हसून घ्यायची.

गावभर गटार करून झालं, आणि शेवटी आमच्या गल्लीची पाळी आली. इथली घरं रस्त्यावर ओटे काढून बसलेली. गटाराला जागा हवी तर ओटे पाडणं भाग. जिजीने जेसीबी आधी स्वतःच्या दारात आणला. मग शेजारी, तिचे थोरले दीर अण्णा यांच्या दारात. अण्णा थकलेले. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत त्यांचा सगळा दिवस त्या ओट्यावर जायचा. ते उठेनात. जिजी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "अण्णा, माझा पाडलाय. तुमचा ठिवला तर गाव मला काय म्हनंल?"

"गावाचंच बघ तू," अण्णा म्हणाले. "लई मोठी झालीस." काठी टेकत ते आत गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

पुढची निवडणूक आली. तेव्हा सरपंच निवडून आलेल्या सदस्यांतूनच व्हायचा, म्हणजे जिजीला आधी आपल्या वॉर्डातून निवडून यायला हवं होतं. अण्णांनी तिच्यासमोर आपली सून सुनीता उभी केली. जिजी आपल्या पॅनेलसाठी सगळं गाव पालथं घालत होती, पण आमच्या गल्लीत फिरली नाही. मी टोकलं, तर म्हणाली, "घरच्यांना काय हात जोडायचं?"

मतमोजणी तहसीलला होती. मी तिच्या वतीने आत बसलो होतो. आमचा वॉर्ड सोडला तर पॅनेल सगळीकडे आलं. मी बाहेर येईपर्यंत पोरांनी जिजीला गुलालाने माखून टाकलं होतं. माझा चेहरा बघून ती थांबली.

"सुनीता का?"

मी मान हलवली.

"बरं," म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर टेम्पोत चढली.

गावात उतरल्यावर ती सरळ अण्णांच्या घरी गेली. सुनीताच्या हातात नारळ दिला. सुनीता पाया पडताना रडायला लागली. अण्णा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होते. जिजीने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग निघाली.

संध्याकाळी निवडून आलेले सगळे तिच्याकडे जमले. वेशीजवळच्या वॉर्डातून आलेली शोभा म्हणाली, "जिजी, मी राजीनामा देते. तुमी माझ्या जागेवर हुब्या ऱ्हावा."

शाळेतल्या मास्तरांनी दुजोरा दिला. "खुद्द पंतप्रधान आपल्या मतदारसंघात पडले तरी सहा महिने पदावर राहता येतं. तेवढ्यात दुसऱ्या जागेवरून निवडून यायचं. यात कमीपणा नाही, जिजी."

"दुसरी जागा मिळंल वो मास्तर," जिजी म्हणाली. "दुसरी गल्ली कुठनं आनू?"

शोभा सरपंच झाली. सुरुवातीला ती विचारायला यायची, मग कामं वाढली आणि येणं कमी झालं. पॅनेलच्या बैठका रस्त्यावरच्या हॉटेलात व्हायला लागल्या. जिजीला कुणी मुद्दाम टाळलं नाही. बोलवायचं राहून जायचं, एवढंच. तीही कुणाकडे जाईनाशी झाली. एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "हरल्याचं न्हाई रं. दुकानात जाताना एकेकाचं दार लागतं. ह्यानं मला मत दिलं आसंल का, तिनं दिलं आसंल का, आसं मनात येतं. मानसांकडं आसं बघायची मला लाज वाटती."

त्या दिवाळीनंतर ती कोपरगावला मुलाकडे राहायला गेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी. मतदार यादीतलं नाव तिने गावातच ठेवलं होतं. वाळली होती. शाळेच्या व्हरांड्यातून अंगणात आलेल्या रांगेच्या शेवटी, उन्हात येऊन उभी राहिली. पुढे सुनीताचा हात धरून अण्णा उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. 

"उन्हात कशाला हुबी ऱ्हातीस," अण्णा म्हणाले. "म्होरं ये."

जिजीने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.  मत देऊन ती बाहेर आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाच्या गाडीत बसली. गाडी गल्लीकडे न वळता सरळ कर्जतच्या रस्त्याला लागली.

अण्णा बाहेर आले तेव्हा धुरळा खाली बसत होता. ते रस्त्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "चा प्यायला घरी ये, आसं म्हनायचं ऱ्हायलं बघ."