कावडीचा खांदा

धोंडूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभा राहून गळ्याच्या हाडावर बोटं फिरवत होतो. ही खोड त्यांच्या आजारपणात लागली. ते जाऊन महिना उलटला, अजून सुटत नाही.

वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावात लावणीला भाताच्या रोपांच्या मुठी कावडीनं वाहाव्यात त्या मामांनीच. डाव्या खांद्यावर कावड आली की बांधावरून पळत सुटायचे, मामी ओरडली की मुद्दाम चिखल उडवायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच खांद्यापाशी, गळ्याच्या हाडावर गाठ आली. सगळं गाव म्हणालं, कावडीचा घट्टा. शिकलेला मी, पण मीही मान डोलावली. मामांनी उपाय केला तो एवढाच, की कावड उजव्या खांद्यावर घेतली... आणि ती लावणी तशीच उरकली.

गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा मी त्यांना मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं. बरोबर मामांची सून होती. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि भलतंच विचारलं, "लघवीला काही त्रास?" मामांनी मान खाली घातली. सुनेसमोर काय बोलणार? बांधाआड ते किती वेळ ताटकळत उभे राहतात, हे मी पाहिलं होतं. तरी मीच घाईनं म्हणालो, "नाय हो, तसं काय नाय." मग टीबीच्या तपासण्यांत दोन महिने गेले. शेवटी गाठीचा तुकडा तपासला, तर प्रोस्टेटचा कॅन्सर. मोठे डॉक्टर म्हणाले, हा बहुतेकदा हाडांत पसरतो, मानेच्या गाठीत आधी दिसणं विरळाच. ते दोन महिने वाया गेले नसते तर फरक पडला असता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजही नाही.

त्या पहिल्या दिवशी मुरबाडहून परतताना मामा हळूच म्हणाले होते, "बरा बोललास रे तू. माझी लाज राखलीस." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा मामीला भेटायला गेलो. पडवीत कावड टांगलेली, मधोमध दांडा घासून गुळगुळीत झालेला. मी ती काढून खांद्यावर घेतली, आणि दुसरा हात आपसूक गळ्याकडे गेला. मामी बघत होती.

"तुला काय होतंय का रे?"

सून चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. "नाय" अगदी जिभेवर आलं होतं...

"होतंय मामी," मी म्हणालो. "लघवीला अडतं. चार महिने झाले."

मामीनं माझ्या खांद्यावरून कावड काढून घेतली. सूनच म्हणाली, "भावजी, उद्या सकाळी जाऊ. मी येते बरोबर."