भाईदासची सुताची वात

भाईदास म्हणजे सुरतेच्या डिंडोलीतल्या लूमवाल्यांचा डोळ्यांचा डॉक्टर. शाळेच्या नावानं शंख, पण ऐट थेट सिव्हिल सर्जनची! कारखान्यात धाग्याचे तंतू उडायचे, कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात जायचे. मग हा पठ्ठ्या सूत पिळून वात करायचा, थुंकीनं ओली करायचा आणि पापणी उलटवून तंतू टिपायचा. तंतू निघायचा, हे खरं. पण तेवढ्यावर स्वारीला वाटायला लागलं, की डोळ्यातलं आपल्याला सगळंच कळतं.

कलाबाईला त्याची किळस यायची. थुंकीवाला डॉक्टर, म्हणे! पण तिचा नवरा हिलाल भाईदासच्याच गावचा, त्याला भाईदासचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

चौऱ्याण्णवच्या प्लेगानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी चालत्या लूममधून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक हिलालच्या डोळ्यात बसलं. सोबतच्या शहाण्यांनी त्याला नेलं कुठं? भाईदासकडे! कलाबाई डबा घेऊन आली, तर नवरा पोत्यावर आडवा आणि भोवती ही गर्दी.

"हा बघा कचरा!" भाईदासनं पापणी ताणून दाखवलं. बुबुळाच्या कडेला काळा ठिपका होता.

"भाऊ, हात नका लावू. त्यांना धुरकट दिसतंय. दवाखान्यात नेऊ."

"काही व्हत नही, बाई. प्लेगात तुमचे डॉक्टरच आधी पळाले सुरत सोडून. मी पळालो का?"

सगळे फिदीफिदी हसले. हिलालसुद्धा कण्हत म्हणाला, "तू गप बस."

ती गप बसली नाही, पण ऐकतो कोण? भाईदासनं वात लावली आणि ओढली. हिलाल गुरासारखा ओरडला. गालावरून पाणी ओघळलं. "घाण गेली," असं म्हणत त्या दीडशहाण्यानं वर फडकं दाबलं.

कलाबाईनं त्याचा हात झटकला, नवऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फडकं काढलं आणि डोळ्याला टेकणार नाही अशी वाटी वर बांधली. "तंतू असता तर पाण्यानं धुतला असता तरी चाललं असतं. पण जोराचा मार लागला, धुरकट दिसायला लागलं, की डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, तडक इथं यायचं. ह्या डोळ्यातून ओढलं कुणी?"

कलाबाईनं नाव सांगितलं. बाईंनी तिला डोळ्याचं नेमकं काय झालं ते समजावलं आणि हिलालला आत घेतलं. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळणार होता.

संध्याकाळी भाईदास आला. हातात केळी, चेहरा पाहुण्याचा. "कचरा तर मी काढलाच होता ना?"

"तो कचरा नव्हता, भाऊ," कलाबाई म्हणाली. "बुबुळाच्या आतल्या पडद्याचं टोकच जखमेतून बाहेर आलं होतं. नुसतं झाकून आणलं असतं, तर आत बसवता आलं असतं. तुम्ही ते ओढून तोडलंत."

भाईदासनं केळी खाटेशी ठेवली. मग म्हणाला, "नशीब एकेकाचं."

"थू तुमच्या तोंडावर," कलाबाई म्हणाली. खाटेवरून हिलालनं पहिल्यांदाच तिला गप बस म्हटलं नाही.